भरतीच्या सकाळी बंद राहिलेलं फाटक

आमचं घर जुनं, एकमजली, थेट समुद्राच्या काठावर. नवऱ्याचं ऑफिस लांब, बेलव्ह्यू शहरात, पण खिडकीतून समुद्र दिसायला हवा हा त्याचा हट्ट. त्यासाठी त्यानं रोजचं लांबचं ड्राइव्हही पत्करलं. मी घरूनच काम करते. बाबा गेल्यावर नागपूरहून आईला इकडे परदेशात आणलं, तेव्हा समुद्राकडची खोली तिला दिली.

इथे हिवाळ्यात मोठ्या भरत्या येतात, आणि त्या बहुतेक सकाळीच येतात. नुसत्या भरतीचं काही वाटत नाही. पण त्याच दिवशी वादळ असलं आणि हवेचा दाब उतरला, की पाणी समुद्राकडच्या बुटक्या भिंतीवरून अंगणात येतं. हे सगळं आम्हाला शेजारच्या म्हाताऱ्यानं शिकवलं. रिटायर झालेला, एकटा, उंच माणूस. वारा कुठून आला की घाबरायचं, दारापुढे वाळूची पोती कशी लावायची, ओंडके कधी वाहत येतात, सगळं त्याला ठाऊक. गल्लीच्या ग्रुपवर इशाराही तोच द्यायचा. आई त्याला भाऊ म्हणायची. संक्रांतीला तिनं त्याला तिळगूळ दिला, तर त्यानं तिला वाकून 'नमस्ते' केलं. आई दिवसभर खूश होती.

मोठ्या भरतीत आमच्या मागचा रस्ताही गटारांतून वर आलेल्या पाण्यानं भरतो. तेव्हा बाहेर पडायची एकच वाट उरायची. दोन्ही अंगणांमधल्या कुंपणात एक लाकडी फाटक होतं. त्यातून त्याच्याकडे जायचं, आणि त्याच्या मागच्या पायऱ्यांनी वरच्या रस्त्यावर. दोन हिवाळे आम्ही तसेच गेलो, आईला धरून.

मग एका उन्हाळ्यात त्यानं नवी भिंत बांधली. समुद्राच्या बाजूनं उंच, आणि आमच्या बाजूनंही तेवढीच. लाकडी फाटकाच्या जागी लोखंडी आलं, कडेला रबर लावलेलं, पाणी न झिरपणारं. नवऱ्यानं विचारलं, "याला कुलूप का?"

"वादळात बंद ठेवायचं, असं इंजिनिअर म्हणाला."

"आणि आम्ही कुठून जायचं?"

"तुम्हीही भिंत उंच करा ना," तो हसून म्हणाला.

नवरा घरात येऊन म्हणाला, "असं बोलतो यार तो, पण वेळ आली की उघडेल." मलाही तसंच वाटलं.

जानेवारीतल्या त्या सकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज होता: दाब खूप खाली आहे, गाड्या वर नेऊन ठेवा. नवरा लवकर ऑफिसला निघाला. आदल्या वर्षी पाणी पायरीलाच थांबलं होतं, म्हणून तो निर्धास्त होता. तो गेला आणि थोड्याच वेळात मागचा रस्ता भरला. पुढे लाटा त्या नव्या भिंतीवर आपटत, वळत आणि आमच्या अंगणात शिरत. आधी असं कधी झालं नव्हतं. एक ओंडका काचेचं दार फोडून आत आला, त्याच्यामागून पाणी.

आईला वॉकरशिवाय चालता येत नव्हतं. मी तिला उचलून डायनिंग टेबलावर बसवलं. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती, दात वाजत होते. इमर्जन्सीला फोन केला. रस्ता बंद आहे, टीमला वेळ लागेल, उंच जागी जा, असं त्यांनी सांगितलं. उंच जागा शेजारीच होती.

मी मांडीएवढ्या पाण्यातून फाटकापाशी गेले. तो त्याच्या कोरड्या डेकवर उभा होता, रेनकोट घालून, फोननं व्हिडिओ काढत. मी ओरडले, "गेट उघडा! आई आत आहे!"

"आत्ता उघडलं तर सगळं पाणी माझ्याकडे येईल."

"तिला चालता येत नाही. फक्त तिला घ्या. मी उचलून देते, वरून."

त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ती पडली तर जबाबदारी माझ्यावर येईल. थोडं थांबा, पाणी उतरेलच." आवाजात राग नव्हता. दर वर्षी मला वाऱ्याची दिशा ज्या आवाजात समजावून सांगायचा, त्याच आवाजात बोलला. मग त्यानं फोन पुन्हा वर धरला.

मी परत आले तेव्हा आई खिडकीतून त्याच्याकडे बघत होती. त्यानं तिला हात केला. आईनंही हात केला.

"येऊन राहिला बघ तो," ती म्हणाली.

मी तिचे पाय माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळले. ती वाट बघत राहिली. पाणी ओसरायला लागल्यावर तिनं विचारलं, "काहून नाही आला गं?"

फायरवाले आले तेव्हा ती नीट बोलतही नव्हती. मग न्यूमोनिया, मग हॉस्पिटल. ती वाचली, पण पुन्हा पायांवर उभी राहिली नाही. तिच्या आजारपणातच त्यानं तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. भिंत किती छान टिकली हे त्याला दाखवायचं होतं. शेवटी आमची खिडकी दिसते आणि त्यात हात हलवणारी आई. खाली लोकांनी हार्ट टाकले होते. कुणीतरी लिहिलं होतं, 'सो स्वीट'.

वसंतात माझा भाऊ येऊन आईला व्हीलचेअरवरून नागपूरला घेऊन गेला.

पुढच्या हिवाळ्यात म्हाताऱ्याचा मेसेज आला: मोठी भरती आहे, सगळ्यांनी एकमेकांची काळजी घ्या. नवऱ्यानं त्याखाली अंगठ्याचा इमोजी टाकला. मी नवऱ्याकडे बघतच राहिले.

"मग काय करू?" तो म्हणाला. "इथलं पाणी त्याच्याइतकं कुणाला कळतं?"

त्या दिवशी पाणी पायरीपर्यंत येऊन परत गेलं. आईचा व्हिडिओ कॉल आला. जन्मात कुणाला वाकडा शब्द न बोललेली माझी आई, उशीला टेकून बसली होती.

"तुमच्याकडे पाणी आलं का गं?"

"नाही आई. या वेळी नाही."

"आणि त्याच्याकडे?"

"त्याच्याकडेही नाही."



"यायला पाहिजे होतं," ती म्हणाली, आणि नातवाला हाक मारून फोन बंद करायला लावला.