त्या अहवालावर माझी सही नाही

माझ्या मायचा फोन सरांनी दोन बोटांत धरला. मेलेला उंदीर शेपटीला धरतात तसा. काच तडकलेली, मागचं झाकण रबरानं बांधलेलं. सगळ्यांना दिसेल असा वर उचलला आणि म्हणाले, "ह्या डबड्यासाठी आपण वेबसाइट बनवतो का?"

सगळे हसले. सरांनी फोन टेबलावरून माझ्याकडं ढकलला. मग टिश्यूनं बोटं पुसली. एकेक बोट.

चंद्रपूरची ती कंपनी, सर तिचे मालक. मी तिथं वेबसाइटी बनवायची. सात महिने झाले होते. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात, बौद्ध वस्तीतून अशा नोकरीला लागलेली मी पहिलीच. ऑफिसात जपून बोलायची. घरी 'मले', इथं 'मला'. तोंडावर आलेलं 'नाई' गिळून टाकायची. लाज कुणी शिकवली नव्हती. आपोआप आली होती.

काम मुलींच्या वसतिगृहाच्या प्रवेशअर्जाचं होतं. अर्ज मोबाइलवरच भरायचा, ज्या फोनवर नाव नोंदवलं त्याच फोनवरून. शेवटी एक बटन. दाबलं की चौकट उघडायची, तिच्यात दाखले जोडायचे. ती चौकट उघडायची पद्धत अगदी नवी, फक्त ताज्या ब्राउझरला कळणारी. जुन्या फोनवर बटन दिसायचं, दाबलंही जायचं. पुढं काहीच व्हायचं नाही.

हे मला कळलं ते माझ्या चुलतबहिणीमुळं. बारावी झालेली, गडचिरोलीच्या कॉलेजात जायचं होतं तिला. माझ्या मायच्या फोनवर अर्ज भरायला बसली आणि शेवटी मलाच फोन लावला.

"ताई, बटन दाबून दाबून बोट दुखलं व. काहीच नाई होऊन राह्यलं. मीच चुकून राह्यली का?"

चुकलो होतो आम्ही. आणि पोरगी स्वतःला दोष देत होती. आमच्याकडं असंच होतं. दार लागलेलं असलं की आपण आधी आपलेच हात बघतो.

म्हणून रविवारी गावाला गेले आणि तो फोन घेऊन आले. मीटिंगमध्ये दाखवला. नवी पद्धत काढून टाका असं मी म्हणत नव्हते. पानानं आधी ब्राउझरला विचारायचं, तुला हे येतं का? येत असेल तर चौकट उघडायची. नसेल येत तर त्याच पानावर साधा रकाना द्यायचा. वेब कसं चालावं याचे नियम सगळ्यांसाठी खुले आहेत, कुणीही वाचावेत. मी वाचले होते. दोन दिवसांचं काम होतं.

तेव्हा सरांनी तो फोन वर उचलला होता. हसणं थांबल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमच्या लोकांना सीटा राखीव पाहिजेत. आता कोडही राखीव पाहिजे का?"

यावर कुणी हसलं नाही. मी फोन ओढणीत गुंडाळून जागेवर जाऊन बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

तिसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या अधिकारी बाई, अर्ज आधीच सुरू झालेला असला तरी, काम रीतसर ताब्यात घ्यायला आल्या. सरांनी माझ्यापुढं अहवाल ठेवला. तपासणी माझ्याकडं होती, म्हणून नाव माझं छापलेलं. वर एकच ओळ : सर्व प्रचलित मोबाइल ब्राउझरवर तपासले, त्रुटी नाही.

"सही कर," सर म्हणाले. पेनाचं टोपण त्यांनीच काढून दिलं.

मी ती ओळ दोनदा वाचली. खाली माझं नाव.

"मी सही करनार नाई."

आवाज माझाच होता. घरचा. गिळलेलं 'नाई' सगळ्यांसमोर बाहेर आलं आणि मला लाज वाटली नाही.

बाईंनी आपला फोन काढला, अर्ज उघडला, बटन दाबलं. "माझ्यात तर उघडतं हे."

"तुमच्यात उघडते, बाई. ज्यायच्यासाठी बनवलं त्यायच्यात नाई उघडत. मले खोटं लिहायला सांगून राह्यले."

बाई सरांकडं बघायला लागल्या. सर लाल झाले. "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच म्हणाले.

"उद्या काऊन? आताच जातो."

पुढं बटन दुरुस्त झालं. पण तोवर तारीख गेली होती. माझ्या बहिणीला त्या वर्षी वसतिगृह मिळालं नाही. ती धानाच्या रोवणीला गेली. चिखलात वाकलेली तिची पाठ मी बांधावरून पाहिली, आणि कुणी मला 'तू जिंकलीस' म्हटलं असतं तर मी त्याच्या तोंडावर थुंकले असते.

आता मी सावलीत खोली घेऊन स्वतःचं काम करते. माझं प्रत्येक पान आधी सगळ्यात जुन्या फोनवर चालतं, मग नव्यावर. ब्राउझरमध्ये उद्या काय येणार, त्याचे नियम काय होणार, याची चर्चा जगभरचे लोक इंटरनेटवर उघड्यावर करतात. तिथं मी मोडक्या इंग्रजीत लिहिते : हे असं केलंत तर आमच्याकडच्या मुली बाहेर राहतील. कुणी उत्तर देतं, कुणी देत नाही. न देणाऱ्याला मी पुन्हा लिहिते.

नियम वरून ठरून आले की आमच्या वाट्याला फक्त पाळणं येतं. ते पुष्कळ झालं. आता जिथं नियम लिहिले जातात तिथंच बसायचं. कुणी सरकून जागा देणार नाही, हे मला माहीत आहे. मी विचारणारही नाही.