घरचीच शेरडं

डोंगरावर खणलेल्या चरांवर गवत धरलं तरच पाणी मुरणार, म्हणून गावानं चराईबंदी केली. राखण एका निवृत्त फौजीकडे आहे. रामरामसुद्धा तो टाच जुळवून घालतो. मी त्याला तोंडावर सुनावलं होतं, "आवं नाना, गरिबाची धराल, घरची सोडाल."

परवा त्यानं कोंडवाड्यात पहिली शेरडं घातली, ती बायकोची.

ती फाटकातच ओरडली, "आवं, घरचीच हायती की!"

"म्हनून तर आदी."

संध्याकाळी तो त्याच शेरडांना स्वतःच्या उसाचं वाढं कापून घालत होता. घरी जायचं नाव घेईना.

"डोंगर हिरवा हुईल रं," तो म्हणाला. "ती कवा बोलंल, ते सांगता येत न्हाई."