संयुक्त खात्यातलं दुसरं नाव

सोपानदादा गेल्याचं मला एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. नळदुर्गहून येणारी सकाळची गाडी तुळजापूरच्या स्टँडवर लागली, की तिकडचे निरोप आणि लखोटे माझ्या ऑफिसात आणून द्यायचं काम हा भला माणूस वर्षानुवर्षं करतो आहे. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी तो रिकाम्या हातानं आला आणि दारातच उभा राहिला. "वकीलसाहेब, तुमचे विलायतवाले दादा गेले. पहाटं. झोपंतच." माझ्यासमोर एक लॉजवाला बसला होता, त्याला मी खोलीभाडं कुठल्या रकान्यात दाखवायचं ते समजावत होतो. मी "हो का" म्हणालो आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं. बातमी आत उतरायला दुपार झाली. जेवायला बसलो आणि तसाच उठलो.

मी काही वकील नाही. लोकांचे इन्कमटॅक्सचे रिटर्न भरून देतो, पण आमच्या गावात इंग्रजी फॉर्म भरणारा प्रत्येक जण वकीलसाहेबच असतो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. माझी गिऱ्हाइकं म्हणजे लॉजवाले, भांडी-प्रसादाचे दुकानदार, दोन-चार डॉक्टर. सोपानदादा पहिल्यांदा आले ते तेलाचे डाग पडलेला सदरा घालून, आणि मला वाटलं चुकून आले. त्यांनी पिशवीतून एक हवाई टपालाचं पाकीट काढलं आणि म्हणाले, "हे इंग्लंडातलं खातं हाय. पेन्शन आन् व्याज. आपल्या सरकारला सांगायचंय." माझ्या आयुष्यात तोवर सरकारला काही सांगायला स्वतःच्या पायांनी आलेला माणूस मी पाहिला नव्हता.

ते मूळचे नळदुर्गजवळच्या एका वस्तीतले, बौद्ध कुटुंबातले. धर्मांतरानंतर दोन-तीन वर्षांनी मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून लागले आणि तिथून इंग्लंडला, इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. बहात्तरच्या दुष्काळात आईला भेटायला म्हणून सहा आठवड्यांच्या रजेवर आले. आई खडी फोडायला जात होती. विहिरींना पाणी नव्हतं आणि जिथं थोडं होतं तिथली इंजिनं बंद पडलेली. दादांनी एक दुरुस्त केलं, मग दुसरं. रजा वाढवली, मग संपवलीच. पुढं करडईची सहकारी तेलगिरणी उभी राहिली तेव्हा तिचे घाणे बसवायला माणूस मिळेना. ते काम दादांनी अंगावर घेतलं आणि अखेरपर्यंत तिथंच राहिले. गिरणीच्या सभासदांची आपापसात कितीही जुंपली, तरी घाणा कुरकुरला की सगळ्यांना दादाच आठवत.

दादा माझ्याकडं येऊ लागले त्या वर्षांत परकीय चलनाचा कायदा असा कडक होता, की बाहेर खातं असलेली माणसं ते झोपेतसुद्धा बोलत नसत. दादांनी त्याची परवानगी रीतसर काढली होती. इथं राहणाऱ्या माणसाला जगात कुठंही मिळालेलं उत्पन्न इथं दाखवावं लागतं, आणि तिकडं कर कापला असेल तर त्याची वजावट मागून घ्यावी लागते. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, केलं कधीच नव्हतं. म्हणून दरवर्षी जूनमध्ये मी रिटर्नला एक टाइप केलेली पुरवणी जोडायचो. त्यात बँकेचं नाव, खाते क्रमांक, पेन्शन, व्याज. खातं संयुक्त होतं, म्हणून व्याज अर्धंच दादांचं. पहिल्या वर्षी मी विचारलं, "दुसरं नाव कुणाचं आहे? कॅथलीन कोण?" दादा खिडकीतून स्टँडकडं पाहत होते. "मंडळी हाय माझी," ते म्हणाले. "गावात म्हाईत न्हाय. तुमी लिवा फक्त."

मी लिहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं...

चौथ्या की पाचव्या वर्षी मला शहाणपण सुचलं. अशा पुरवण्या पाहून सोलापूरच्या कचेरीतले साहेब दरवेळी भुवया उंचावत, पौंडाचे रुपये कुठल्या दरानं केले ते विचारत. मला वाटलं, गरीब माणसाचा कर वाचवावा आणि स्वतःचा व्यापही. दादांची सही घेतली, आणि पुरवणी न जोडताच रिटर्न दाखल करून टाकलं. शिक्का मारलेली प्रत कंडक्टरच्या हाती नळदुर्गला पाठवली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्याच दिवशी दादा हजर. बसले नाहीत.

"वकीलसाहेब, ह्यात एक कागद कमी हाय."

"दादा, कुणाला कळतंय? कर वाचला की तुमचा."

"कर वाचला व्हय? पर बाई गेली ना कागदातनं."

मी हसायला गेलो आणि त्यांचा चेहरा बघून थांबलो. ते अगदी हळू बोलत होते. "रेशनकार्डावर म्या एकटा. मतदारयादीत एकटा. ह्या मुलखात तिचं नाव माझ्या नावाजवळ यायची हीच एक जागा हाय. तिकडनं कागद येतो तवा म्या आदी पैसे बघत न्हाय, नाव बघतो. नाव हाय म्हंजे ती हाय, आन् तिनं ते काढलेलं न्हाय. मग तुमी कसं काय काढलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सोलापूरला गेलो. दुरुस्त रिटर्न दाखल केलं, राहिलेला कर आणि त्यावरचं व्याज भरलं. साहेबांनी विचारलं, "स्वतःहून आलात?" दादा म्हणाले, "व्हय, ऱ्हाऊन गेलं हुतं." चूक माझी होती, हे त्यांनी साहेबांना सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं, पण मीही गप्प राहिलो. आम्ही परतीची गाडी पकडली. तुळजापूरचा घाट लागला तेव्हा आपण होऊन म्हणाले, "आईला सांगणार हुतो. दुष्काळात ती इतकी खंगलेली, म्हणलं जरा सावरू दे. तर ती गेलीच. मग कुणाला सांगू? कॅथलीन लिवायची, मी कवा येऊ? म्या लिवलं, हितं प्यायला पाणी न्हाय, पाणी आलं की ये." गाडी वळणं घेत होती. "मग पाणी आलं. लई आलं. पर म्या लिवलंच न्हाय."

का लिहिलं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. गिरणीचा एक हंगाम, मग दुसरा हंगाम, आणि मग इतकी वर्षं झाली की पत्राची सुरुवात कशी करायची हेच सुचेनासं झालं असावं. माझा आपला अंदाज. त्यानंतर दर जूनला ते येत, करडईच्या तेलाची बाटली माझ्या टेबलावर ठेवत, आणि पुरवणी टाइप होईपर्यंत माझ्यामागं उभे राहत. दुसऱ्या खातेदाराचं नाव आलं की वाकून बघत. मग खुर्चीवर बसत आणि चहा मागवा म्हणत. हा माणूस वर्षातून एकदा, माझ्या टाइपरायटरच्या मागं उभा राहून, तेवढा वेळच संसारात असायचा. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा.

दादा गेल्यावर गावात झालेल्या जलदान विधीला मी गेलो होतो. गिरणीचे चेअरमन बोलायला उभे राहिले. "दादांनी लगीन केलं न्हाय, गिरणीशीच संसार केला," असं म्हणाले. माणसं माना डोलवत होती. मी खाली बघत बसलो.

मेलेल्या माणसाचंही रिटर्न भरावं लागतं आणि ते वारसानं भरायचं असतं. दादांचा पुतण्या बळीराम, पन्नाशीला आलेला शेतकरी माणूस, कागद घेऊन आला. त्यानं ते नाव पाहिलं आणि मला सगळं सांगावं लागलं. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "चुलती हुती व्हय आमाला... आमी काय खाल्लं असतं का तिला?" हा लेख लिहू का, असं मी त्यालाच विचारलं. लिहा, म्हणाला.

कॅथलीनबाईंना मीच पत्र टाकलं. बँकेच्या कागदावर त्यांचा पत्ता होता. मला येतं ते इंग्रजी कचेरीचं, त्यामुळे नवरा गेल्याची बातमी मी "वरील विषयास अनुसरून" अशी कळवली, याची लाज आयुष्यभर वाटत राहील. उत्तर मागच्या आठवड्यात आलं. एकच पान. बाईंनी रडगाणं गायलेलं नाही, दोष दिलेला नाही. लिहिलंय की तिकडंही दरवर्षी रिटर्नमध्ये हे खातं दाखवावं लागतं, अर्धं व्याज आपलं आणि अर्धं नवऱ्याचं. तिथल्या कारकुनानं दोनदा सुचवलं होतं, की खातं एकटीच्या नावावर करून घ्या, सोपं पडेल. त्यांनी नाही केलं. दरवर्षी सोपानदादांचं नाव स्वतःच्या हातानं लिहीत आल्या. शेवटी एक साधा प्रश्न होता. तुम्ही या विषयातले जाणकार आहात, तर सांगाल का, यंदा त्यांचं नाव लिहायचं की नाही?

तिकडच्या कायद्याचं मला ओ की ठो कळत नाही. एरवी मी चार पुस्तकं उघडली असती. पण त्या दिवशी बसल्या बैठकीला उत्तर लिहिलं, की मृत्यूच्या तारखेपर्यंतचं व्याज त्यांचंच धरायचं असतं, तेव्हा यंदा त्यांचं नाव जरूर लिहावं. इथंही तुमचं लिहितो आहे, असं खाली जोडलं. पत्र टाकून आलो आणि दादांची पुरवणी टाइप करायला घेतली. दुसऱ्या खातेदाराच्या नावापाशी हात थांबला आणि मी मागं वळून बघितलं.

पुढच्या वर्षी काय लिहायचं, हे बाईंनी विचारलेलं नाही. मीही कळवलं नाही.