मुठीने काढलेला वाघ

मंडळी, सकाळची गोष्ट आता संध्याकाळी लिहितो आहे, उशिराबद्दल माफ करा.

आज तलावाच्या पाळीवर चिखलात वाघाच्या पंजाचा ताजा ठसा दिसला. मी बायकोला तिथेच सोडून पळालो आणि देवळात शिरून आतून कडी लावली.

बाहेरून ती हसत म्हणाली, "निघा बाहेर, वाघोबा! पंजा मीच काढला, मुठीनं अन् बोटांनी. जरा गंमत केली."

मीही हसलो, कडी काढली.

मग ती म्हणाली, "पण कडी काऊन लावली? मी बाहेरच होती ना."

दुपारच्या बसने ती चिचगडला भावाकडे गेली. फोन उचलत नाही.

तुम्ही असता तर थांबला असता का? चिचगडवाल्यांनो, ती पोहोचली का, तेवढे लवकर कळवा.