चौथी गोष्ट

‘चार गोष्टी सांगते. त्या संपल्या की विचारा,’ असं म्हणून त्या उजव्या हाताची चार बोटं वर करायच्या. अंगठा तळव्यात दुमडलेला. एक गोष्ट सांगून झाली की एक बोट खाली. करंगळी शेवटी उरायची, आणि ती मिटण्याआधी त्या समोरच्याच्या डोळ्यांत बघत क्षणभर थांबायच्या. आमच्या वस्तीवरची पोरं त्यांची नक्कल करायची. मीही केली आहे.

आळेफाट्यापासून तीन किलोमीटरवर आमची बेचाळीस घरांची वस्ती. त्या इथल्याच लेक. चौतीस वर्षं विमानात नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षं आतल्या कर्मचाऱ्यांच्या प्रमुख म्हणून. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या वाटणीच्या जागेत दोन खोल्या बांधून राहिल्या. वस्तीने त्यांना ‘विमानवाल्या ताई’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव इतकं रुळलं की खरं नाव मतदार यादीतच उरलं.

मी पाटबंधारे खात्यात पाण्याची पातळी नोंदवणारा माणूस. आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नाही. त्यामुळे आमचं जमलं. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी विमानाविषयी विचारत राही, आणि त्या न कंटाळता सांगत.

विमानात काही बिघडलं की कॅप्टन प्रमुखाला बोलावून चारच गोष्टी सांगतो. काय झालंय. काय करणार. किती वेळ आहे. आणि चौथी, खास सूचना. प्रमुखाने त्या तशाच्या तशा परत म्हणून दाखवायच्या, घड्याळ लावायचं आणि बाहेर यायचं.

“बाहेर येण्याआधी पडद्याआड एक घोट पाणी प्यायचं, भाऊ. घसा कोरडा असला की आवाज कापतो. आणि आपला आवाज कापला की सगळं विमान कापतं.”

“मग लोकांना घाबरू नका म्हणत असाल?”

“कधीच नाही. जो घाबरलेला नसतो, तोही त्या शब्दानं दचकतो. त्यापेक्षा हाताला काम द्यायचं. पट्टा आवळा, चष्मा काढा, खिशातलं पेन काढा. हात कामाला लागले की डोकं ठिकाणावर राहतं.”

“म्हणजे खोटं बोलायचं नाही?”

“खोटं कधी नाही. सगळं मात्र एकदम नाही. ज्याला जेवढं लागतं तेवढं.”

त्यांच्या नोकरीत एकदाच खरा प्रसंग आला. विमानाचं एक चाक उघडेना. अकरा मिनिटांत त्यांनी सगळ्यांना तयार केलं. विमान उतरताना पोटावर घासलं, आत धूर झाला, घसरगुंड्या उघडल्या. मी लगेच विचारलं, किती माणसं होती? “एकशे अठ्ठेचाळीस.” आणि बाहेर किती आली? “एकशे सत्तेचाळीस स्वतःच्या पायांनी बाहेर आली.” मी हिशेब लावला, एखाद्या आजाऱ्याला उचलून काढलं असेल. दर वेळी त्या हेच दोन आकडे याच शब्दांत सांगत, आणि मी आकडे जुळवणारा माणूस, मी त्या उरलेल्या एका माणसाविषयी कधी विचारलं नाही.

घरीही त्यांची तीच पद्धत. एकदा आम्हा दोघा नवराबायकोला जेवायला बोलावलं होतं. त्या दारातच चार बोटं वर करून उभ्या. “भात करपलाय. दुसरा टाकलाय. बावीस मिनिटं. चौथी गोष्ट, तोवर पापड मागू नका, संपलेत.” माझी बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. भात बाविसाव्या मिनिटाला उतरला. मी घड्याळ बघितलं होतं.

बिबट्या आला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. भरदुपारी तो पाटाकडच्या उसात शिरला आणि वस्तीवर एकच कालवा झाला. कुणी डबे बडवतंय, कुणी पोरांना हाका मारतंय. त्या चौकातल्या पारावर चढल्या. “बिबट्या पाटाकडच्या उसात आहे. पोरं आणि म्हातारी माणसं देवळात, दार आतून लावा. वनखात्याची गाडी निघालीय, अर्धा तास.” मेंढरं राखणारी आजी मध्येच ओरडली, “आन् माजी मेंढरं? त्यांचं काय करू?”

“तीच चौथी गोष्ट, आजी. मेंढरं वाड्यात आहेत तिथंच राहू दे. आणायला जायचं नाही.”

“लई गुनाची हायेत वं ती.”

“म्हणूनच तिथं राहतील. चल आत.”

आजी बडबडत आत गेली. तेव्हापासून कुणी काही निम्मं सांगितलं की ती विचारायची, “आन् चवथी?” साऱ्या वस्तीत ते चेष्टेचं बोलणं होऊन बसलं.

आता तो दिवस सांगतो.

दुपारचे तीन वाजले होते. मी देवळात सप्ताहाच्या मांडवाचं माप घेत होतो. ताईंचा फोन आला. आवाज नेहमीचाच. “भाऊ, देवळातला माईक चालू आहे?” मग त्यांनी वारा कुठून येतोय ते विचारलं. पश्चिमेकडून, मी म्हणालो. देऊळ वाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे आणि रस्त्यापासून लांब, एवढी खात्री करून घेऊन त्या म्हणाल्या, “चार गोष्टी सांगते. वळणावर गॅसचा टँकर उलटलाय, गॅस सुटलाय. सगळ्यांनी पाटापलीकडच्या शाळेच्या मैदानात जायचं. पोलीस म्हणतात, वीस मिनिटांत वस्ती रिकामी करा. चौथी, पायी जायचं. चूल, बटण, गाडी, काहीही सुरू करायचं नाही. एक ठिणगी पुरे. आता परत म्हणा.”

मी चारही गोष्टी परत म्हणून दाखवल्या. बरोबर म्हटल्या.

मग मी माईक हातात घेतला. पहिली गोष्ट सांगितली. दुसरी सांगितली. तिसरी सांगताना घड्याळ बघितलं, तर फोनवर दीड मिनिट गेलं होतं. म्हणून मी वीस मिनिटं म्हणालो, मग दुरुस्ती केली, साडेअठरा मिनिटं. पुन्हा म्हणालो, साडेअठरा मिनिटं आहेत, निघा. आणि बटण बंद केलं. आकडा अचूक दिल्याचं समाधानही वाटलं असेल. खोटं कशाला लिहू?

देवळाच्या पायरीवरून आमचं घर दिसतं. रस्त्याला सगळ्यांत जवळचं घर तेच. अंगणात माझ्या धाकट्या भावाने मोटारसायकल काढली होती. माझी बायको पदर खोचून मागे बसत होती. साडेअठरा मिनिटांत मैदान गाठायचं, तर आमच्याकडचा माणूस दुसरं काय करणार? शेजारच्या तीन अंगणांतही गाड्या बाहेर येत होत्या. भावाने किक मारली. त्याची गाडी जुनी आहे, तिसऱ्या किकला लागते. हे मला ठाऊक होतं. त्याने दुसरी मारली.

माईक हातातच होता आणि बटण सापडत नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातातून तो ओढून घेतला. ताई होत्या. पायात चप्पल नाही, गुडघ्यांनी अधू बाई, तीनशे पावलं चढ चढून आलेली. उजव्या हाताची तीन बोटं मिटलेली, करंगळी तशीच वर. त्या घोषणा ऐकत, मोजत येत होत्या आणि त्यांच्या मोजणीत तीनच आल्या होत्या.

“किल्ली काढा. गाडी सोडा. पायी चला.” थोडं थांबून पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. आवाज सपाट, जसा ओट्यावर बसून बोलावा तसा. भावाचा पाय किकवर होता. त्याने तो खाली घेतला, किल्ली काढून खिशात टाकली आणि गाडी आडवी सोडून वहिनीचा हात धरला.

मैदानावर मी डोकी मोजली. एकशे एकोणनव्वद. दोनदा मोजली, सगळी होती. बंबवाले आणि कंपनीची माणसं आली, दिवस मावळायच्या आत गॅस दुसऱ्या टँकरमध्ये उतरवला. काहीही पेटलं नाही. भाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाला, “दादा, आजून एक किक मारली आस्ती तर रं?”

ताई शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. उजवी करंगळी अजून वरच होती. मी त्यांच्यापुढे जाऊन म्हणालो, “ताई, तुम्ही सांगितलं होतं. मी परत म्हणूनही दाखवलं होतं.”

“मीही दाखवलं होतं,” त्या म्हणाल्या.

“कुणाला?” मी विचारलं.

“कॅप्टनला. चारही. बाहेर येऊन तीन सांगितल्या. चौथी सांगणार तेवढ्यात आतून बोलावणं आलं. परत आले ते थेट डोकं खाली घ्यायला सांगत. सामान तिथंच सोडा, एवढे तीन शब्द राहिले.” त्या पाटाकडे बघत होत्या. “चौदाव्या रांगेतला एक गृहस्थ वरची बॅग काढायला उभा राहिला. बॅग अडकली. धूर वाढत होता. त्याच्या मागं नऊ माणसं होती. आठ आली.”

एकशे अठ्ठेचाळीस. एकशे सत्तेचाळीस. इतक्या संध्याकाळी मी ते आकडे त्यांच्याकडून हौसेने ऐकून घेतले होते.

“नववी कोण होती?”

“एक बाई. मी सांगितलं तसंच सगळं करत होती. चष्मा काढून हातात धरला होता.”

त्यांनी करंगळी मिटली आणि मुठीवर दुसरा हात ठेवला. मी त्यांची नक्कल केली होती, ते मला आठवलं.

त्यानंतर त्यांनी मला कधी दोष दिला नाही. उलट देवळातल्या सगळ्या घोषणा माझ्याकडेच राहाव्यात असं वस्तीला सांगितलं. “ज्याची एकदा राहिली, त्याची पुन्हा राहत नाही,” म्हणाल्या.

गेल्या पौषात एका सकाळी त्या उठल्या नाहीत. झोपेतच गेल्या. त्यांची भाची रडत आमच्या दारात आली. मी देवळात गेलो, एक घोट पाणी प्यालो आणि माईक घेतला. “आपल्या विमानवाल्या ताई आज पहाटे गेल्या. अंत्यविधी ओढ्याकाठी होईल. अकरा वाजता.” एवढं झालं. माझी करंगळी वर होती. चौथी काय सांगायची ते मला सुचेना. मी बटण तसंच दाबून धरलं. भोंग्यातून नुसती खरखर जात राहिली. शेवटी बटण सोडलं.

बाहेर आलो तर माणसं आपापल्या अंगणांत उभी होती. कुणी हललं नव्हतं. सगळी देवळाकडे बघत होती. पायरीशी मेंढरंवाली आजी काठी टेकून उभी होती. डोळे पुसून ती म्हणाली, “भाऊ, चवथी ऱ्हायली की.”