पाण्याला नऊ गुण

आमच्या मराठी मंडळात ही गोष्ट निघाली की सगळे पोट धरून हसतात, कारण चूक माझी असली तरी हात त्यांचाही होता. आता मीही हसते. त्या पावसाळ्यात मात्र रडले होते.

ह्यांची बँकेतून कोलकात्याला बदली झाली आणि आम्ही बालीगंजला फ्लॅट घेऊन राहिलो. मी शेतकीची पदवीधर, त्यात संगणकावर नकाशे करायला शिकलेली. घरात बसून भिंती किती मोजणार? इथल्या एका संस्थेत कंत्राटावर लागले. शहराच्या दक्षिणेला, लोकल ट्रेननं तासाभरावर काही गावं आहेत. तिथे रसायनांशिवाय भाजी पिकवणाऱ्या बायकांच्या गटांना मदत द्यायची होती: खताचे खड्डे, बियाणं, भाजी शहरात आणायला गाडी. ती द्यायची कुणाला? जिची जमीन अशा शेतीला योग्य तिला. योग्य कुठली ते नकाशा सांगणार, आणि नकाशा मी करणार. माझं नाक किती वर गेलं असेल ते तुम्हीच ठरवा.

पद्धत सांगते, घाबरू नका, सोपी आहे. जमिनीच्या गोष्टी घ्यायच्या: माती कशी, तिच्यात कस किती, उंची किती, पाणी किती जवळ, रस्ता किती जवळ. प्रत्येकीचा वेगळा नकाशा करायचा आणि ते एकावर एक ठेवायचे. पण सगळ्यांचं वजन सारखं नसतं. म्हणून जाणकारांना जोडीजोडीनं विचारायचं, ह्यातलं महत्त्वाचं काय आणि किती? गुण एक ते नऊ. सासूला विचारा, सगळ्यात चांगली सून कुठली, ती गप्प बसेल. पण ‘थोरली की मधली’ असं विचारा, तोंडातून शब्द संपायच्या आत उत्तर येईल. तसंच हे. मग त्या उत्तरांवरून संगणक वजनं काढतो, आणि तुमचं एक मत दुसऱ्याला छेद देत असेल तर तेही तोंडावर सांगतो.

जाणकार पाच हवे होते. दोन बंगाली मिळाले. एक आमचे साहेब, ज्यांना इथल्या रीतीप्रमाणे सगळे ‘दादा’ म्हणतात, आणि दुसरे कॉलेजात माती शिकवणारे एक प्राध्यापक. बाकीच्यांना फॉर्म पाठवून पाठवून मी थकले. तेवढ्यात संक्रांत आली. आमच्याकडे मंडळातल्या बायकांचं हळदीकुंकू होतं आणि नवरेमंडळी गुळाच्या पोळीच्या वासानं मागोमाग आलेली. मला वाटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! एक काका सोलापुराकडे आयुष्यभर शेतीची कर्जं मंजूर करून निवृत्त झालेले, मुलाकडे राहायला आले होते. एक बाई कोलकात्यातच जन्मलेल्या, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या, पण शेती म्हणाल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत दुष्काळी माणला मामाकडे पाहिलेली. आणि तिसरी मी, मराठवाड्यातली, शाळेला जायच्या आधी टँकरच्या रांगेत घागर लावणारी.

काकांच्या तोंडात तिळगूळ होता. मी विचारलं, “पाणी जवळ असणं महत्त्वाचं की जमिनीची उंची?”

“अगं, हे काय विचारणं झालं? पाणी! नऊ दे.”

बाईंनी नऊ दिले. मीही नऊ दिले. पाणी की माती? पाणी. पाणी की रस्ता? पाणी. अर्ध्या तासात तीन फॉर्म भरून झाले आणि मी काकांना आणखी एक पोळी वाढली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हे आम्हा तिघांना लागू आहे हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. संगणकानं तर शाबासकीच दिली. मतं एकमेकांशी इतकी जुळत होती की दादा म्हणाले, “इतकं एकमत बंगाल्यांत सात जन्मांत व्हायचं नाही.” मी खूश.

नकाशा सुंदर झाला. कालव्याच्या दोन्ही काठांनी गर्द हिरवा पट्टा, आणि कालव्यापासून दूर लाल ठिपके. हिरवं म्हणजे योग्य, लाल म्हणजे अयोग्य. अहवाल जायच्या आधी काही जागा प्रत्यक्ष पाहून याव्या लागतात, म्हणून आषाढात, पाऊस सुरू होऊन महिना झाल्यावर, मी कागद घेऊन गावात गेले. “उंटावरून शेळ्या हाकून झाल्या, आता खाली उतरा बाईसाहेब,” असा ह्यांचा निरोप होताच.

लाल ठिपक्यांपैकी एक ज्या शेतात पडला होता तिथे एक साठीची बाई पुईच्या वेलांना काठ्या लावत होती. पुई म्हणजे आपली मायाळू. तिला मी मासी म्हणायला लागले, ती मला दीदी. तिनं कागद पाहून पहिलाच प्रश्न विचारला, “आमचा रंग कुठला?”

मी लाल दाखवला. तिनं हातातली काठी खाली ठेवली. मग तिनं जे सांगितलं ते मोडक्यातोडक्या बंगालीतूनही मला नीट कळलं. जमीन तिच्या आणि मुलाच्या नावावर. मुलगा शहराच्या कडेला टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, चालवतो. प्लॉट पाडणाऱ्याचा माणूस दोनदा येऊन गेला होता आणि मुलगा सहीला तयार होता. मासीनं त्याच्याकडून एक शब्द घेतला होता: नकाशा येईपर्यंत थांब. नकाशावाली माणसं म्हणाली ही जमीन शेतीची, गाडी मिळाली, तर ठेवू. नाही म्हणाली तर मीही अंगठा देईन.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पदवीचं भूत होतं ना मानेवर. मी तिला समजावायला लागले की मासी, पाणी दूर आहे तुमच्याकडे, हे बघा, कालव्याकाठची जमीन कशी हिरवी आहे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “तू हे चित्र कुठल्या महिन्यातलं पाहिलंस?”

“फाल्गुनातलं. पावसात ढग असतात, उपग्रहाला वरून काही दिसत नाही.”

“चल,” म्हणाली. “तुझ्या हिरव्यात जाऊन येऊ.”

माझ्या नकाशावर ज्या जागेला सगळ्यात जास्त गुण होते, तिथे आम्ही गेलो. बांधावरून एक पाऊल खाली टाकलं आणि मी गुडघ्यापर्यंत आत गेले. अगं आई गं! चप्पल तळाशी राहिली. आजूबाजूला पाण्यात उभी वांगी, पानं पिवळी पडलेली, मुळं कुजल्याचा वास. मासीनं मला हाताला धरून वर ओढलं आणि हसली, पण कुत्सित नाही. म्हणाली, इथे भात येतो, मासे येतात, दोन्ही उत्तम. भाजी लावणारा वेडा. ह्या शेतवाल्यानं तुमच्या ऑफिसची माणसं मोजमाप करताना पाहिली आणि लावली.

परत तिच्या शेतात आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण चढतोय. चढ कसला, दोन हातांचा. पण पाणी तिथे नव्हतं. तिचा सासरा आणि त्याचा बाप दर उन्हाळ्यात तळ्यातला गाळ पाट्यांनी वाहून त्या पट्ट्यावर टाकत आले होते, आणि लग्न होऊन आल्यापासून तीही. माती हातात घेतली तर काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. बंगालीत अशा उंचवट्याला डांगा म्हणतात. आकाशातून आलेल्या उंचीच्या आकड्यांत दोन हातांचा फरक दिसत नाही. आणि दिसला असता तरी काय? आम्ही उंचीला एक गुण दिला होता, पाण्याला नऊ. पाणी कमी पडतं म्हणून माणसं गाव सोडतात हे आम्हाला माहीत होतं. पाणी जात नाही म्हणून पीक मरतं, हे आमच्या तिघांच्या बापजाद्यांनी पाहिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी आधी मासीवर चिडले, मग काकांवर, मग प्राध्यापकांवर. बालीगंज येईपर्यंत दुसरं कुणी उरलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. माझ्या एका रंगावर त्या बाईचं शेत जाणार होतं, आणि तो रंग मी गुळाच्या पोळीबरोबर ठरवला होता.

दुसऱ्या दिवशी दादांना सगळं सांगितलं. फॉर्म कुणी भरले तेही. त्यांनी चष्मा काढला. “पाचात तीन मराठी?”

“हो.”

“मी बागबाजारचा. तुम्हा मराठ्यांच्या स्वाऱ्या येऊ नयेत म्हणून आमच्या पूर्वजांनी आमच्या दारातून खंदक खणला होता. उगाच नाही खणला.” मग स्वतःच हसले, आणि गंभीर झाले. “चूक माझीही आहे. मी बंगाली खरा, पण चिखल पाहिलाय तो दुर्गेच्या मूर्तीचा. उंचीला मीही दोनच दिले होते. अहवाल थांबवतो. वरून बोलणी मी खाईन. पंधरा दिवसांत नीट करून आण.”

मी त्या माणसाच्या पाया पडायचीच बाकी होते.

गावातल्या शाळेच्या पडवीत बायकांना बसवलं. फॉर्म नाही, कागद नाही. दोन वाट्या आणि चिंचोके. ह्या वाटीत ‘पाणी जवळ’, त्या वाटीत ‘पाणी निघून जाणं’. टाका चिंचोके, किती कुठे ते. पहिल्याच जोडीला अशी भांडणं लागली की शाळेतली मुलं खिडकीत आली. पण भांडून भांडून चिंचोके पडले ते ‘निघून जाणं’ मध्ये. रस्त्यालाही त्यांनी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त दिले. पालेभाजी पहिल्या गाडीनं गेली नाही तर दुपारी ती गाईला घालावी लागते, हे आम्हा जाणकारांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. संगणक कुरकुरला की मतं जुळत नाहीत. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा विचारलं, आणि एक जोडी त्यांना नीट समजावलीच नव्हती असं कळलं. तिसऱ्या दिवशी संगणकही गप्प झाला.

उंचीचं काय करायचं? गावातल्या गवंड्याकडून पाणसळ आणली. पाणसळ म्हणजे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी, दोन टोकांचं पाणी सारख्या पातळीला येतं, त्यावरून चढ-उतार कळतो. बायका नळी धरून बांधाबांधानं चालायच्या, मी लिहायची. ज्या त्या शेतात पाणी किती दिवस उभं राहतं ते ज्याचं त्याला तोंडपाठ होतं. पदर खोचून चिखलातून चालताना इतकी मजा मला कॉलेज सुटल्यापासून आली नव्हती, हे कबूल करते.

एक भीती मात्र मनात बसली होती. मासीचं शेत हिरवं व्हावं म्हणून माझा हात तर झुकत नाही ना? म्हणून शेवटचा हिशेब मी केलाच नाही. नावं, हद्दी काढून टाकल्या, नुसते आकडे दादांना दिले आणि बाहेर जाऊन चहा प्यायले. तीन कप. तिसरा संपता संपता दादांनी आत बोलावलं.

कालव्याकाठ भात आणि माशांच्या रंगात गेला होता. लाल ठिपक्यांतले काही लालच राहिले. आणि तो डांग्याचा पट्टा हिरवा होता, एक पिवळा, म्हणजे मध्यम, कोपरा सोडून. मी दादांसमोर रडले. त्यांनी खिडकीबाहेर पाहत रुमाल पुढे केला.

कागद घेऊन मी स्वतः गेले. त्या दिवशी मुलगा घरी होता, टोटो दारात उभी. तिशी ओलांडलेला, अंगानं थोराड, चेहऱ्यावर ‘आता ही काय सांगणार’ असा भाव. मी कागद पसरला. मासी पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली. त्यानं बोट ठेवून आपलं शेत शोधलं, हिरवं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे जमीन चांगली आहे.”

“चांगली आहे,” मी म्हटलं. “गाडी मिळेल. खतं, बियाणं मिळेल. पण कष्ट तुम्हालाच. ते नकाशात येत नाहीत.”

तो पुन्हा कागदावर वाकला. मला वाटलं, संपलं. हा आता म्हणेल, चांगली आहे तर प्लॉटवाल्याला जास्त सांगू. त्यानं बोट त्या एका पिवळ्या कोपऱ्यावर आणलं आणि आईवर ओरडला, “बघ! मी दरवर्षी सांगतो ह्या कोपऱ्यात पाणी धरतं, फुलकोबी लावू नकोस. ऐकतेस कधी?”

मासीनं तोंडातला पदर काढला. “तू कधी पाट्या वाहिल्यास तिथे गाळाच्या? वाहा, मग बोल!”

“वाहीन! पण ह्या वर्षी तिथे कलमी लावायची, पाण्यातली भाजी. कोबी नाही.”

“कोबीच लावणार मी.”

दोघं माझ्यासमोर, कागदावर डोकी वाकवून, हातवारे करत भांडत होते. सहीचं नाव कुणी काढलं नाही. मी ओटीवर बसून ऐकत राहिले, आणि पुढच्या थंडीत त्या कोपऱ्यात काय लावायचं हे त्यांचं ठरेपर्यंत माझ्या दोन गाड्या सुटल्या.