पुढचा टायर आणि न विचारलेली कबुली

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. नाहीतर सतरंजीवर चहा सांडेल आणि बोलणी मला बसतील. माणूस स्वतःच्या पायावर किती नेमका धोंडा मारून घेऊ शकतो, त्याची ही गोष्ट आहे आणि तो माणूस मी आहे.

एकाहत्तरची लढाई चालू होती. जबलपूरच्या फॅक्टऱ्यांना रविवार माहीत नव्हता. मी तपासनीस होतो. मिलिटरीच्या ट्रकांचे सुटे भाग मोजायचे आणि केसभर फरक दिसला तरी परत पाठवायचे, हे माझं काम. बाहेर लोक मला कीस काढणारा म्हणत आणि मला त्याचा अभिमान वाटे!

माझ्याकडे एक जुनी मोटरसायकल होती. पुढचा टायर फुटला, तेव्हा बाजारात टायर मिळेना. सगळा माल सीमेवर चाललेला. शेवटी मिलिटरीच्या लिलावातून निघालेला एक जाड ठोकळ्यांचा टायर मी कुठूनसा मिळवला आणि पुढे चढवला. दिसायला असा दणकट, की मीच त्याच्याकडे पाहत बसायचो.

आणि दोन महिन्यांत गाडी डोलू लागली हो!

वेगात असली की ठीक. वेग कमी केला की हँडल डावी-उजवीकडे असं थरथरायचं, की मी रस्त्यावर नागमोडी. मी काय नाही केलं? हँडलचे छर्रे बदलले, पुढच्या दांड्यांतलं तेल बदललं, चाकाच्या तारा एकेक करून कसल्या. फरक शून्य.

आता खरी अडचण ऐका. फॅक्टरीतला माझा दोस्त दिलीप. त्याची बहीण कुसुम. तिच्यासाठी माझं नाव दिलीपनेच घरी सुचवलं होतं आणि मी मनातून कधीच हो म्हणून बसलो होतो. त्यांचं घर मदन महाल स्टेशनजवळ, रेल्वे क्वार्टरमध्ये. माझी खोली कमानिया गेटपाशी. तुम्ही जबलपूरचे नसाल तर सांगतो, फॅक्टरीतून कमानिया गेटला जाताना मदन महाल लागत नाही. मला रोज लागायचं.

त्यांच्या दारासमोर आलो की मी वेग कमी करायचो. काहून, ते काय विचारता? आणि वेग कमी केला की गाडी नाचायची. म्हणजे कुसुमच्या वडिलांना, व्हरांड्यात बसलेल्या आबाजींना, होणारा जावई रोज संध्याकाळी नेमका त्यांच्याच दारासमोर झोकांड्या खाताना दिसायचा!

एके दिवशी दिलीपने मला बाजूला घेतलं.

"वसंता, काय बे, लोक म्हणून राहिले की तू रोज टाकून येतो."

"काय टाकून?"

"अब इतना भी भोला मत बन!"

मी हादरलो. मग मी अक्कल चालवली. तोंडाच्या वासाचा कुणाला संशयही येऊ नये म्हणून वेलदोडे चघळायला लागलो. झालं! लोक म्हणाले, आता वास लपवून राहिला. फॅक्टरीच्या गेटवरचा हवालदार एक दिवस अगदी अदबीने म्हणाला, "साहब, बुरा मत मानिए, ज़रा फूँकिए." मी फुंकलं. तो मागच्याला म्हणाला, "इलायची. पक्का खिलाड़ी है."

आणि मग दिलीप निरोप घेऊन आला. आबाजींनी रविवारी बोलावलं होतं. एकट्याला. गोष्ट गंभीर आहे म्हणाले.

आबाजी म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. रेल्वेत चाकं तपासायचे ते. गाडी फलाटाला लागली की हातात लांब दांड्याची हातोडी घेऊन प्रत्येक चाकाला एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. चाक खणखणलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा. त्या थंडीत तोफा लादलेल्या गाड्या एकामागून एक जात होत्या. त्यातली एक आबाजींनी एका टोल्यावर रोखून धरली होती. साहेब लोक अंगावर ओरडत होते, आबाजी चाकापासून हलेनात. चाक काढून पाहिलं तर आत केसासारखी चीर. अख्ख्या रेल्वे कॉलनीत त्यांच्या कानाबद्दल लोक हळू आवाजात बोलत. अशा माणसासमोर जाऊन मी बसलो. दिलीप दाराशी उभा, कुसुम आत.

आबाजींनी चष्मा पुसला.

"किती दिवसांपासून चालू आहे हे?"

"काय, आबाजी?"

"हे डोलणं. मी रोज पाहून राहिलो."

"लोक समजतात तसं नाही हो ते."

"लोकांचं सोडा. मला तर पाहावंही लागत नाही. तुम्ही वळणावर आले की मला आतून आवाजावरून कळते."

आवाजावरून! मी गाडीवर गाणी गुणगुणायचो हो!

"सुरुवातीला थोडंसं असते," आबाजी म्हणाले. "माणूस म्हणते, चालते. मग एक दिवस रस्त्यात आडवा. उद्या मागे बायको बसवाल, तिलाही घेऊन जाल. माझी पोर मी अशी बसू देणार नाही."

संपलं. लग्न मोडलं. माझ्या कपाळावर डिसेंबरात घाम.

"खरं सांगा," त्यांनी आवाज खाली आणला. "माल मिलिटरीचा आहे न?"

अरे देवा! यांना ब्रँडसुद्धा कळला? काय माणूस आहे हा! माझे हात आपोआप जोडले गेले.

"आबाजी, तुमच्यापासून काय लपणार! हो, मिलिटरीचीच होती. रम. पण एकदाच! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन पेग. तिसरा मी घेतलाच नाही, तिसरा दिलीपने घेतला. चौथाही त्यानेच. आणली पण त्यानेच होती. आईची शपथ, त्यानंतर थेंब नाही!"

दाराशी दिलीपचा चेहरा पांढराफटक. आत एक भांडं पडलं आणि कोणीतरी तोंडात पदर कोंबल्यासारखं खिदळलं.

आबाजींनी चष्मा घातला. माझ्याकडे पाहिलं, मग दिलीपकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"मी टायराचं बोलून राहिलो," ते म्हणाले.

जमीन दुभंगावी म्हणतात, ती दुभंगत नाही. मी वाट पाहिली.

आबाजी उठले, मला अंगणात घेऊन गेले. खाली बसले आणि माझा हात धरून पुढच्या टायरवर ठेवला. "असा फिरवा." गुळगुळीत. "आता उलटा." बोटांना करवतीचे दात लागले! प्रत्येक ठोकळा एका अंगाने खाल्लेला, मधेमधे वाटीसारखे खड्डे. दोन महिने मी अख्खी गाडी खोलत होतो आणि पुढे जमिनीला टेकणाऱ्या एकमेव गोष्टीला हात लावला नव्हता. मी! केसभर फरक धरणारा!

"हा मागच्या चाकाचा टायर. तुम्ही पुढे लावला. हवा कमी ठेवता, खड्डे लागू नये म्हणून. फॅक्टरीच्या उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबता. बरोबर?"

"बरोबर."

"उजवी बाजू जास्त गेली आहे. वेग धरला की दबून राहते, सोडला की हँडल हलते. दुसरीकडे कुठं हलो न हलो, आमच्या दारासमोर रोज हलते. म्हणजे इथंच तुम्ही वेग सोडता." ते थांबले. "काहून सोडता, ते मी विचारत नाही. तुम्ही सांगूही नका."

दुसऱ्या दिवशी मी फॅक्टरीतून गेज आणून टायर मोजला. उजवी बाजू खरंच जास्त झिजलेली. माझ्या हत्याराने जे दाखवलं, ते त्या माणसाने व्हरांड्यात बसून, चहा पिताना, नुसत्या गुणगुणण्यावरून ओळखलं होतं. माझ्या नाही हो, टायरच्या! आयुष्यात मी इंजिनियर पाहिले, मोठे साहेब पाहिले, परदेशातून आलेली यंत्रं पाहिली. पण त्या दिवशी अंगणात मातीत उकिडवं बसून जसा थक्क झालो, तसा परत कधी झालो नाही. खरं सांगतो, कुसुमला मी आधीच पसंत केलं होतं, पण सासरा मी त्या क्षणी पसंत केला.

टायर मिळेपर्यंत मला सायकलवर यायचा हुकूम झाला. नवा टायर बसला त्या दिवशी आबाजी स्वतः मागे बसले, मदन महालच्या रस्त्याला दोन चकरा मारायला लावल्या आणि उतरून घरात म्हणाले, "पोराला हो म्हणून टाका. चाकाला निदान ठोकावं तरी लागते, तेव्हा ते बोलते. हा तर हात लावायच्या आधीच सगळं सांगून टाकते. अशा माणसाचा धोका नाही."

लग्न झालं. दिलीप लग्नात आला, पण मी पेढा भरवताना त्याने माझं बोट चावलं असतं तरी नवल नव्हतं. वर्षभर तो मला फक्त "चलो, ठीक है" एवढंच म्हणायचा.

आता तुम्ही म्हणाल, यातून काही शिकलो असेन. परवाचीच गोष्ट. सकाळचा चहा आमच्याकडे मी करतो. कुसुमने आतून आवाज दिला, "अहो, संपली का?"

मी म्हणालो, "नाही गं, अर्धी आहे अजून. कपाटाच्या मागे."

ती चहापत्तीबद्दल विचारत होती.